जेलो: मराठीत बोलणारं मोफत अ‍ॅप, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता

आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांना स्पर्श करून बोलायचं अ‍ॅप आहे. अँड्रॉइडवर चालतं, आयपॅडवरही चालतं. पैसे लागत नाहीत. भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि एकदा भाषा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही काम करतं. या चारही गोष्टी एका जागी देणारं दुसरं अ‍ॅप मराठी घराला सहजासहजी सापडत नाही. म्हणून बोलू न शकणाऱ्या मुलासाठी सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं, की पहिलं नाव याचं निघतं.

स्वमग्न मुलांच्या संदर्भात जेलोबद्दल बरंच बोललं जातं. तिथे बहुतेक वेळा बोट चालतं, प्रश्न भाषेचा आणि संवादाचा असतो. इथे विचार आहे तो वेगळ्या मुलांचा: चारही हातपाय कडक असलेली किंवा सतत नकळत हलणारी सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं), हातांचा उपयोगच हरवलेला रेट सिंड्रोम (मुख्यतः मुलींत दिसणारा जनुकीय आजार), मेंदूज्वरानंतर बोलणं आणि चालणं दोन्ही गेलेलं मूल. हात जिथे न्यायचा तिथे जात नाही, नजर चित्रावर उशिरा स्थिरावते, फिट्स येतात, फिट्सच्या औषधांची गुंगी असते. अशा मुलासाठी जेलो घ्यावं का? घ्यावं. फक्त अ‍ॅप किती चांगलं आहे हा इथे निम्म्याहून कमी भाग आहे. मूल त्या चित्रापर्यंत पोचणार कसं, आणि भोवतीची माणसं स्वतः त्या चित्रांतून बोलणार का, यावर बाकीचं ठरतं. म्हणून या परीक्षणात अ‍ॅपपेक्षा त्याच्या भोवतीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी आत काय आहे ते. मधोमध नऊ मुख्य गट: भेटणं आणि भावना, रोजची कामं, खाणं, मजा, शिकणं, माणसं, जागा, वेळ आणि हवामान, मदत. दोन बाजूंना सहा भाव-बटणं: आवडतं, हो, अजून, आणि त्यांच्या विरुद्ध आवडत नाही, नाही, कमी. शिवाय घर, मागे आणि कीबोर्ड. गटाचं चित्र एकदा दाबलं की त्याचं नाव ऐकू येतं, पुन्हा दाबलं की गट उघडतो. एखादं चित्र दाबून मग ‘आवडतं’ दाबलं, तर त्या गोष्टीबद्दलचं पूर्ण वाक्य बोललं जातं. तेच भाव-बटण लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं तर भावनेचा जोर वाढतो, आवडतंचं खूप आवडतं होतं.

ही जोडी, म्हणजे एक वस्तू आणि एक भाव, हेच जेलोचं सगळ्यात मोठं बळ आहे. मुलाने जेमतेम दोन स्पर्श केले तरी ऐकणाऱ्याला नीट मराठी वाक्य मिळतं. मराठीत याची किंमत विशेष आहे. सुटे शब्द एकापुढे एक मांडणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘मी’ आणि ‘आवडणे’ शेजारी ठेवले तर भलतंच काहीतरी बोललं जातं. ‘मी’चा ‘मला’ व्हावा लागतो, जातो की जाते हे मुलगा-मुलगी बघून ठरतं, भूक आणि तहान ‘लागते’. आखीव वाक्यं देणाऱ्या रचनेत ही अडचण मुलावर येत नाही. पहिल्या महिन्यांत मुलाचं बोलणं अनोळखी माणसालाही कळलं पाहिजे, नाहीतर रिक्षावाला, शेजारी, आत्या सगळे आईकडेच बघत राहतात.

उणीवही याच रचनेत आहे. आखीव वाक्यांतून स्वतःचं वाक्य रचता येत नाही. रोजच्या बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग दोनशे ते चारशे शब्दांतच भागतो, आणि त्यांत वस्तूंची नावं फार थोडी असतात. दे, घे, ये, जा, थांब, परत, संपलं, बघ, हे, ते, माझं, तू, का, कुठे, नको अशा शब्दांनी मूल भांडू शकतं, चिडवू शकतं, आपला मुद्दा लावून धरू शकतं. जेलोच्या गटांत वस्तू, माणसं आणि जागा भरपूर आहेत, पण हे छोटे शब्द एका नजरेत, एका पडद्यावर हाताशी नाहीत. त्यावर उपाय आहे: स्वतःचे बोर्ड, म्हणजे निवडक चित्रांची पानं, तयार करायची सोय वापरून पहिल्या आठवड्यातच नऊ शब्दांचं एक बोर्ड करून घ्या. हवं, नको, अजून, संपलं, थांब, मदत, बघ, मी, तू. आणि दुसरं एक बोर्ड, जे कुठल्याच तयार शब्दसंग्रहात मुलाला पुरेल असं सापडत नाही: दुखतंय, स्प्लिंट टोचतंय, पट्टा घट्ट झालाय, मला वळवून बसव, घसा साफ कर, चुकून दाबलं गेलं, मला सांगायचंय ते यात नाहीये. शेवटची दोन वाक्यं हट्टाने घाला. हात वेडावाकडा पडणाऱ्या मुलाला ‘चुकून दाबलं गेलं’ म्हणता आलं नाही, तर मोठी माणसं चुकीचं उत्तर खरं धरून पुढे निघून जातात, आणि त्या मुलाकडे दुरुस्तीचं काही साधन उरत नाही.

आवाजाबद्दल एक काम आधीच उरका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्ट टू स्पीच उघडून गुगलच्या वाचा-इंजिनात मराठी आवाज उतरवून ठेवा, वेग सामान्यापेक्षा थोडा कमी करा, आणि मग टॅब विमान मोडवर टाकून पाच-सहा चित्रं आणि कीबोर्डवरचं एखादं वाक्य वाजवून बघा. शाळेत किंवा गावी नेट नसताना टॅब मुका झाला, तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. टॅबचा स्पीकर वर्गाच्या गोंगाटात पुरत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर लावायचा असेल तर तो मुलाच्या छातीजवळ, खुर्चीलाच बांधा. आवाज मुलाच्या दिशेने आला की माणसं मुलाकडे बघून उत्तर देतात.

आता हाताचा प्रश्न.

टॅब मुलासमोर धरण्याआधी मूल कसं बसलं आहे ते बघा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, नितंब आणि गुडघे साधारण काटकोनात, तळपाय फूटरेस्टवर पूर्ण टेकलेले, मांड्यांवरचा पट्टा बसवलेला. कंबर पुढे घसरली की खांदे आखडतात, आणि मग हात उचलायला लागणारी सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खास खुर्ची, असो की सुताराने केलेली कोपऱ्यातली खुर्ची, छातीसमोर कापलेला ट्रे हवा आणि कोपरं त्यावर टेकलेली हवीत. दुसरा हात भरकटत असेल तर ट्रेवर एक उभा लाकडी दांडू बसवून तो त्या हातात द्या. धरायला काही मिळालं की काम करणारा हात बराच स्थिर होतो. हे ओटीकडून, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, एकदा बघून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच धड बसत नाही.

टॅब मधोमध ठेवा. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा दुमडतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया अनेक मोठ्या मुलांतही टिकून असते. टॅब उजवीकडे ठेवला तर मान उजवीकडे वळते, उजवा हात लाकडासारखा सरळ होतो आणि बोट टॅबच्या पलीकडे जाऊन पडतं. बघणाऱ्याला वाटतं मुलाला चित्र कळलंच नाही. अंतर ४० ते ६० सेंटीमीटर, पडदा उभ्याकडे थोडा कललेला, ट्यूबलाइटची तिरीप पडणार नाही असा.

दहा इंची टॅबवर जेलोचं नऊ चित्रांचं पान उघडलं तर एकेक बटण साधारण चार सेंटीमीटर रुंद मिळतं. सहा-साडेसहा इंची फोनवर ते निम्म्यावर येतं, आणि या मुलांच्या हाताला ते पुरत नाही. जुना फोन आहे म्हणून त्यावर सुरुवात करण्याचा मोह टाळा. पानावरची चित्रं कमी करायची सोय आहे, ती वापरा, पण एक लक्षात ठेवा: चित्रं कमी केली की जागा बदलतात, आणि हात जागा पाठ करत असतो. एक मांडणी ठरवली की महिनोन् महिने ती हलवू नका. दृष्टीची तक्रार डोळ्यात नसून मेंदूत असेल, म्हणजे ज्याला कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणतात ते असेल, तर मात्र गर्दीच्या पानावर मूल नुसतं पडद्याच्या पलीकडे बघत राहतं. तिथे कमी चित्रं, मजकूर बंद, आजूबाजूला काळं कापड, आणि उत्तरासाठी पंधरा सेकंदांपर्यंत शांतता. मध्ये ‘सांग ना, सांग ना’ केलं की मेंदूचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

थरथरत्या हातासाठी टॅबच्याच सेटिंग्जमध्ये दोन कळा आहेत, आणि अ‍ॅपमधल्या कुठल्याही सोयीपेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात. सॅमसंगच्या टॅबवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘टॅप ड्युरेशन’ आणि ‘इग्नोर रिपीटेड टचेस’. आयपॅडवर ‘टच अकॉमोडेशन्स’मध्ये ‘होल्ड ड्युरेशन’ आणि ‘इग्नोर रिपीट’. पहिली कळ म्हणजे बोट किती वेळ टेकलं तर स्पर्श मोजायचा. ०.३ सेकंदाने सुरुवात करा. हात चित्रांवरून घासत जातो म्हणून नको ती चित्रं वाजत असतील तर ०.५ पर्यंत न्या, ०.८ च्या पुढे गेलात तर धरून ठेवायच्या प्रयत्नातच अंग ताठ होतं. दुसरी कळ म्हणजे लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षायचे. इथे जेलोचा स्वभाव आड येतो. एकदा दाबलं तर बोलतं, दोनदा दाबलं तर उघडतं, त्यामुळे थरथरणाऱ्या हाताने एकच स्पर्श करायचा ठरवला तरी दोन मोजले जातात आणि गट उघडून बसतो. पुनरावृत्तीची मर्यादा एक सेकंद ठेवा आणि मुलाला शिकवा की उघडायचं असेल तर आवाज संपेपर्यंत थांबून मग दाबायचं. आयपॅडवर आणखी एक पर्याय आहे: बोट जिथे पहिल्यांदा टेकलं ती जागा धरायची की जिथून उचललं ती. हात घसरत जाऊन शेवटी नेमक्या जागी थांबणाऱ्या मुलासाठी दुसरा पर्याय निवडा.

कीगार्ड, म्हणजे बटणांच्या जागी भोकं असलेली पारदर्शक पट्टी, जेलोसाठी करून घेता येते. तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक, लेझर कटिंगवाल्याकडून. ठरलेल्या मांडणीचा स्क्रीनशॉट घ्या, तो टॅबच्या पडद्याच्या खऱ्या मापात छापा, बटणाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत भोक काढा, कडा घासून गोल करून घ्या. आधी जाड पुठ्ठ्यावर कापून बसवून बघा, कारण अ‍ॅक्रिलिक एकदा कापलं की संपलं. बसवायला चार कोपऱ्यांवर वेल्क्रो. यामुळे तळहात पट्टीवर टेकवता येतो, बोट एका भोकातून दुसऱ्याकडे सरकत जातं. दोन गोष्टी बिघडतात: अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत मांडणी किंचित बदलली की भोकं जुळत नाहीत, म्हणून प्ले स्टोअरमध्ये जेलोपुरतं आपोआप अपडेट बंद ठेवा, आणि जिथे पुढची चित्रं बघायला पान बोटाने सरकवावं लागतं तिथे कीगार्ड अडथळा होतो. त्यावर सरळ उपाय म्हणजे स्वतःच्या बोर्डवर नऊच चित्रं ठेवायची, म्हणजे पान सरकवावंच लागत नाही.

पडद्याच्या कडेवरून हात फिरला की अ‍ॅप बंद होऊन मूल यूट्यूबवर पोचतं. अँड्रॉइडवर सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ आणि आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ लावा. शक्य असेल तर बोलायचा टॅब फक्त बोलायलाच ठेवा, कार्टून दुसऱ्या यंत्रावर. लाळ पडद्यावर पडली की टॅब स्वतःहून स्पर्श मोजू लागतो किंवा दाद देणं थांबवतो; मॅट फिल्म लावा, खिशाला मायक्रोफायबर कापड अडकवा, जास्तच असेल तर टॅब पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, स्पर्श पिशवीतूनही लागतो.

हे सगळं करूनही बोटाने जमत नसेल तर स्विच. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘स्विच अ‍ॅक्सेस’ आहे. चौकट एकेका बटणावरून फिरत जाते, हव्या जागी आली की मूल स्विच दाबतं. दुकानातले मोठे रंगीत स्विच महाग पडतात, बहुतेक बाहेरून मागवावे लागतात, आणि त्यांना जोडणारा इंटरफेस वेगळा. स्वस्तातला चालणारा मार्ग असा: यूएसबीची छोटी नंबर-पॅड, ती टॅबला जोडणारी ओटीजी केबल, आणि ‘एंटर’ सोडून बाकी कळांच्या टोप्या काढून टाकायच्या. हाताखाली मोठी जागा हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडून एंटरच्या दोन संपर्कबिंदूंना ३.५ मिलिमीटरचं मोनो सॉकेट सोल्डर करून घ्या. मग कुठलाही साधा दाब-स्विच त्यात लावता येतो. सेल्फीचा ब्लूटूथ रिमोटही चालतो, शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो व्हॉल्यूमची कळ म्हणून ओळखला जातो आणि स्विच अ‍ॅक्सेसमध्ये ती कळ नेमून देता येते. त्याची खोड अशी, की काही मिनिटं न दाबल्यास तो झोपतो आणि पहिला दाब जागं होण्यातच वाया जातो. मुलाने प्रयत्न केला आणि काहीच घडलं नाही, असं वारंवार झालं की मूल प्रयत्न सोडतं. म्हणून रोजच्या वापराला वायरचाच स्विच बरा.

स्विच हातालाच हवा असं नाही. डोक्याची बाजू, गुडघा, पाऊल, हनुवटी, जिथली हालचाल मूल ठरवून करू शकतं आणि ठरवून सोडूही शकतं ती जागा. सोडता येणं विसरलं जातं. दाबलेला स्विच सुटत नसेल तर चौकट तिथेच अडकते. जागा निवडताना नुसतं खेळणं जोडून बघा, दहापैकी आठ वेळा वेळेत दाबलं आणि अंग आखडलं नाही तर जागा पक्की.

वेग कसा ठरवायचा याचा एक भरवशाचा हिशेब आहे. चौकट उजळल्यापासून दाबेपर्यंत मुलाला सरासरी किती वेळ लागतो ते मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजा आणि त्याला ०.६५ ने भागा. १.३ सेकंद लागत असतील तर चौकट दोन सेकंदांनी पुढे सरकवा. आता जेलोचं पान बघा: नऊ गट, सहा भाव, तीन खालची बटणं, म्हणजे १८ थांबे. दोन सेकंदांप्रमाणे एक फेरी ३६ सेकंदांची, आणि गट उघडायला तोच थांबा दोनदा गाठायचा. एका वाक्याला दीड-दोन मिनिटं सहज जातात. एवढा वेळ समोरचा माणूस थांबत नाही, ही खरी अडचण. म्हणून एकेक बटणाऐवजी ओळ-मग-स्तंभ असं स्कॅनिंग (चौकट आधी ओळींवरून फिरते, मग निवडलेल्या ओळीतल्या बटणांवरून) निवडा आणि स्विचवाल्या मुलासाठी चार ते सहा चित्रांचीच बोर्डं करा. ज्यांना वेळ साधणंच जमत नाही, आणि सतत हलणाऱ्या सेरेब्रल पाल्सीत हे फार दिसतं, त्यांना दोन स्विच द्या: एक पुढे सरकवायला, दुसरा निवडायला. दमणूक जास्त होते, पण घड्याळाची घाई संपते.

अँड्रॉइड १२ पासून चेहराच स्विच करता येतो: हसणं, तोंड उघडणं, भुवया वर करणं, डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघणं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. रेट सिंड्रोमच्या मुलींसाठी आणि स्नायूंच्या आजारात हा पर्याय आधी करून बघावा. ज्यांच्या चेहऱ्यावर नकळत आकुंचनं येतात त्यांच्यासाठी तोंड आणि हसणं बाद. ‘वर बघणं’ निवडा, हालचालीचा आकार आणि काळ दोन्ही वाढवा. खिडकी किंवा दिवा मुलाच्या पाठीमागे असेल तर कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही, उजेड समोरून हवा. बॅटरी झपाट्याने उतरते. नजरेने चालणारी खास यंत्रं याहून कितीतरी अचूक असतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते. अ‍ॅपलने २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आयपॅडमध्येच नजरेचा माग घेण्याची सोय दिली आहे, ती मान स्थिर ठेवू शकणाऱ्या मुलाला कामी येते, डोकं सतत हलणाऱ्याला फारशी नाही.

टॅब आणि स्विच दोन्ही बाजूला ठेवावे लागतील असे तास रोज येतात: आंघोळ, फिटनंतरची गुंगी, चार्जिंग, दवाखाना. त्यासाठी नजरेची पाटी करून ठेवा. साधारण ४५ बाय ३५ सेंटीमीटरचं तीन मिलिमीटर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, मधोमध चेहरा दिसेल एवढी चौकोनी खिडकी कापलेली. चार कोपऱ्यांत आणि वर-खाली मधोमध मिळून सहा चित्रं, मुलाकडे तोंड करून चिकटवलेली. तुमच्या बाजूने त्याच जागी तीच नावं लिहा. पाटी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरा. सहाही चित्रं एकेक करून नावानिशी सांगा, मग गप्प बसा आणि खिडकीतून मुलाच्या डोळ्यांकडे बघा. मूल एखाद्या चित्राकडे बघून परत तुमच्या डोळ्यांत बघतं, तेव्हा निवड झाली. ‘पाणी म्हणालास का?’ असं विचारून हो-नाहीची खूण घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे धरणाऱ्याची नजर आपल्याला वाटतं त्या चित्राकडे जाणं. मूल आपल्या डोळ्यांमागे येतं, आणि उत्तर आपलंच ऐकू येतं. हो-नाहीची खूण मान डावी-उजवी वळवून ठेवू नका, कारण मघाशी सांगितलेलंच, मान वळली की हात ताठ होतो. वर बघणं म्हणजे हो, खाली बघणं किंवा डोळे मिटणं म्हणजे नाही, असं काहीतरी ठरवा, आणि ते खुर्चीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, म्हणजे शाळेतल्या ताईंना आणि दवाखान्यातल्या सिस्टरना विचारावं लागणार नाही.

इतकी सगळी जुळणी झाल्यावरही टॅब कपाटात जातो, त्याचं नेहमीचं कारण घरातली परीक्षा असतं. ‘सफरचंद कुठंय? गाय दाखव!’ मूल दोन दिवस दाखवतं, मग तोंड फिरवतं. ते बरोबरच करत असतं; उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असलेला प्रश्न म्हणजे संवाद नव्हे. त्याऐवजी आपण बोलताना आपण दाबायचं. जेवण वाढताना ‘अजून’, कढी सांडली की ‘संपलं’, बाबा उशिरा आले की ‘आवडत नाही’. मुलाने काही करावं ही अपेक्षा न ठेवता, दिवसभरात विखुरलेलं, काही महिने. मूल एका चित्राने बोलत असेल तर आपण दोन दाबायची. बोलक्या बाळालाही पहिला शब्द निघण्याआधी वर्षभर ऐकायला मिळतं, या मुलांना चित्रांतली भाषा तेवढीही ऐकवली जात नाही. टॅबने बोलायची सवय लागली तर तोंडाने बोलायचं राहून जाईल, ही भीती आजी-आजोबांना हमखास वाटते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. ज्या २७ मुला-माणसांबद्दल भक्कम पुरावा होता त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्क्यांचं वाढलं होतं. वाढ बहुतेकांत थोडीच होती, हेही त्यांना सांगा. खोटी आशा दिलीत तर सहा महिन्यांनी टॅबवरचा विश्वास उडतो.

जेलो पुरेनासं कधी होतं? मूल दोन चित्रं जोडून स्वतःचं म्हणणं तयार करू लागलं, किंवा जे हवं ते सापडेना म्हणून रडू लागलं, की समजावं. तेव्हा ‘आवाज’ बघावं. चेन्नईत अजित नारायणन यांच्या इन्व्हेन्शन लॅब्जने तयार केलेलं हे अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. यात सुटे मूलशब्द, म्हणजे वर सांगितलेले दे, घे, थांब असे छोटे शब्द, शब्दप्रकाराच्या रंगांनुसार समोर असतात, वर वाक्याची पट्टी असते, चित्रांच्या मदतीने टंकता येतं, आणि सगळा शब्दसंग्रह पीडीएफ करून छापून वही बांधता येते. ही छपाईची सोय मला फार मोलाची वाटते, कारण टॅब बंद असतानाही तीच चित्रं त्याच जागी मुलापुढे राहतात. पैसे मोजावे लागतात, म्हणून आधी चाचणीचा काळ पूर्ण वापरा आणि त्या दिवसांत तीनच गोष्टी बघा: आपला स्विच किंवा स्पर्शाची सेटिंग्ज त्यावर नीट चालतात का, मराठी क्रियापदं मुलाच्या तोंडी शोभतील अशी येतात का, आणि शाळेतल्या बाईंना पाच मिनिटांत दाखवता येतं का. मराठीचं व्याकरण सुट्या शब्दांत थोडं अडखळतंच. मोठ्या मुलाला ते चालतं, कारण आपल्या मनातलं आपण सांगितलं हे त्याला जास्त हवं असतं.

बदल करताना जेलो एका दिवसात काढून घेऊ नका. जेलोत तुम्ही बनवलेली नऊ शब्दांची आणि दुखण्याची बोर्डं नव्या अ‍ॅपमध्ये त्याच चित्रांनी आणि जमेल तेवढी त्याच जागांवर उतरवा. पडद्याचा डावा-वरचा कोपरा ‘थांब’साठी असेल तर तिथेही तिथेच राहू द्या. निदान शाळेचं एक सत्र दोन्ही अ‍ॅप हाताशी राहू देत. आणि कुठलाही मोठा खर्च करण्याआधी एकदा संस्थेत तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जाताना टॅब, स्विच, मूल ज्या खुर्चीत बसतं तिचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, फिट्सच्या औषधांच्या वेळा, आणि घरी मूल खरोखर काही सांगत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ बरोबर न्या. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांपुढे या मुलांचं अंग जास्तच आखडतं, आणि घरी सहज होणारी निवड तिथे होत नाही. व्हिडिओ बघून थेरपिस्टला कळतं की हात कुठून उचलला गेला, नजर किती सेकंदांनी आली, आणि मुलाला कितीसा वेळ दिला गेला.